दुष्काळ, धान्य आणि रेल्वे : सर रिचर्ड टेम्पल

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा-भुसावळ दरम्यानच्या तिसऱ्या व चौथ्या रेल्वेमार्गाला, तसेच गोंदिया-डोंगरगड दरम्यानच्या चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. पहिले काम ३१४ किलोमीटरचे, तर दुसरे ८४ किलोमीटरचे आहे. नागपूरच्या पश्चिमेला आणि पूर्वेला प्रवासी व मालगाड्यांची होणारी कोंडी फोडणे हा या कामांचा उद्देश. या दोन्ही दिशांच्या दळणवळणाचा एकत्रित विचार दीडशे वर्षांपूर्वी ज्या प्रशासकाने केला, त्या सर रिचर्ड टेम्पल यांचे चरित्र या निमित्ताने आठवावे असे आहे.

टेम्पल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजी इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात झाला. रग्बी व हेलिबरी येथे शिक्षण घेऊन ते कंपनी सरकारच्या सेवेत दाखल झाले. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली त्यांची जडणघडण झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी टेम्पल मुख्य आयुक्त म्हणून नागपुरात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते.

त्या काळी नागपूर-वर्ध्याचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. छत्तीसगडात भात उदंड पिके. पण तो बाहेर नेणारे बंजाऱ्यांचे तांडे वगळता दुसरे साधन नव्हते. एका जिल्ह्यात धान्य मातीमोल, तर दुसऱ्यात माणसे उपाशी, असे चित्र होते. अमेरिकेतील यादवीमुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा दळणवळणाची ही उणीव अधिकच बोचू लागली.

मुंबईहून नागपूरला येणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग टेम्पल येण्यापूर्वीच ठरला होता. मात्र, केवळ रूळ येऊन भागणार नाही, रुळांपर्यंत माल पोहोचला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. नागपूरहून उत्तरेस जबलपूरकडे आणि पूर्वेस रायपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना त्यांच्या कारकिर्दीत चालना मिळाली. गोदावरीतून बोटींची वाहतूक करण्याच्या योजनेवरही त्यांची भिस्त होती. ती योजना पुढे १८७१ मध्ये सोडून द्यावी लागली. १८६७ मध्ये नागपुरात रेल्वे पोहोचली आणि त्याच वर्षी टेम्पल येथून हैदराबादला गेले. नागपूरचे अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे संग्रहालय १८६३ मध्ये, त्यांच्याच काळात सुरू झाले.

टेम्पल यांची खरी कसोटी पुढे लागली. १८७४ मध्ये बिहार-बंगालवर दुष्काळाचे सावट आले. टेम्पल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि तो आतल्या भागात पोहोचवण्यासाठी दरभंग्यापर्यंत घाईने रेल्वे टाकण्यात आली. भूकबळी जवळजवळ टळले. तरीही वाजवीपेक्षा अधिक खर्च केल्याचा ठपका त्यांच्यावर आला.

हा ठपका त्यांच्या मनाला लागला असावा. १८७७ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळाची पाहणी करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले, तेव्हा त्यांचा हात आखडला होता. दुष्काळी कामांवरील मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे रोख पैसे पुरेत, असे त्यांनी ठरवले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला जाहीर विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने मांडली. दख्खनमध्ये तेव्हा रेल्वे धावत होती, धान्यही येत होते. पण ते विकत घेण्यासाठी मजुराच्या गाठीला पैसा नव्हता. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. टेम्पल यांच्या नावावरचा हा डाग पुसला गेला नाही.

त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड मार्ग खुला झाला. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या वेळी सिंधमधील रुक ते सिबी हा सुमारे २१५ किलोमीटरचा मार्ग अवघ्या १०१ दिवसांत टाकण्यात आला. त्यामागे टेम्पल यांचा रेटा होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. फाळणीनंतर त्याच सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरातील जरीपटक्याची वस्ती भरभराटीला आणली. टेम्पल यांच्या कारभाराची ही दोन टोके पुढे अशा अनपेक्षित रीतीने जोडली गेली.

१८८० मध्ये राजीनामा देऊन टेम्पल मायदेशी परतले. पुढे ते पार्लमेंटचे सभासद झाले. १५ मार्च १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

छत्तीसगडचा भात बाहेर आणणारी नागपूर-राजनांदगाव मीटरगेज रेल्वे १८८०च्या सुमारास सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेली. तरीही १८९७ आणि १९०० मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. गाड्या होत्या, धान्य होते, ऐपत नव्हती.

रेल्वेमार्ग वाढवावेत, त्यांत सुधारणा करावी, याबद्दल दुमत नाही. पण मार्ग माल पोहोचवतो, घास नव्हे. हा फरक टेम्पल यांना १८७४ मध्ये उमगला होता आणि तीनच वर्षांत ते तो विसरले. नागपूरभोवती नवे रूळ पडत असताना त्यांच्या चरित्रातून घ्यायचा धडा एवढाच आहे.