वाल्टर नेर्न्स्ट

वाल्टर हेरमान नेर्न्स्ट (२५ जून १८६४ – १८ नोव्हेंबर १९४१) हे जर्मन भौतिकीय रसायनशास्त्रज्ञ होते. ऊष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमामुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत येते आणि ऊष्मारसायनशास्त्रातील कार्यासाठी त्यांना १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात विरघळलेले धातू द्रव पटलांनी वेगळे करण्याच्या तंत्राची सैद्धांतिक मुळेही त्यांच्या संशोधनात सापडतात; ही बाजू मात्र फारशी परिचित नाही.

त्यांचा जन्म पश्चिम प्रशियातील ब्रीझेन (आता पोलंडमध्ये) येथे झाला. व्युर्ट्सबुर्ग येथे १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर ते लाइपझिगला ऑस्टव्हाल्ट यांचे सहायक झाले व पुढे गॉटिंगनला गेले.

वितरण नियम व द्रव पटल

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत एखादा पदार्थ ठरावीक प्रमाणात वाटला जातो, हे बर्तलो व युंगफ्लाइश यांनी १८७२ मध्येच दाखवले होते. हे गुणोत्तर प्रत्येक रेणुप्रकारासाठी स्वतंत्रपणे स्थिर राहते, हे नेर्न्स्ट यांनी १८९१ मध्ये स्पष्ट केले. वरवर पाहता दुरुस्ती लहान होती. पण द्रावकात रेणू जोडीने राहत असतील तर जुना हिशेब का चुकतो, हे तिच्यामुळे उलगडले. १९०२ मध्ये त्यांनी रीझेनफेल्ड यांच्यासह दोन जलीय विद्रावांमध्ये फिनॉलचा थर ठेवून त्यातून आयनांच्या वहनाचा अभ्यास केला. तो थर म्हणजे एक द्रव पटलच होते.

धातू काढण्यासाठी या कल्पनेचा वापर नेर्न्स्ट यांनी केला नाही. नॉर्मन ली यांनी १९६८ मध्ये पायसरूपी द्रव पटलाचे एकस्व मिळवल्यानंतर ती वाट खुली झाली. तांब्याचे आयन केरोसीनमध्ये विरघळत नाहीत, म्हणून केरोसीनमध्ये वाहक रसायन मिसळतात. ते आयनाला बांधून पटलापलीकडच्या आम्लात सोडते आणि बदल्यात हायड्रोजन आयन परत आणते. साध्या निष्कर्षणात वितरणाचा समतोल साधला की काम थांबते. येथे आम्ल धातू सतत काढून घेत असल्याने तो समतोल पटलात साधतच नाही. ऑस्ट्रियातील लेनझिंग येथील व्हिस्कोज कारखान्यात सांडपाण्यातील जस्त याच पद्धतीने काढले गेले. पायस टिकाऊ हवे आणि नंतर ते सहज फोडताही यायला हवे, ही या तंत्राची मोठी अडचण आहे.

उत्तरायुष्य

१९०५ मध्ये नेर्न्स्ट बर्लिनला गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी रासायनिक शस्त्रांच्या संशोधनात भाग घेतला, ही त्यांच्या चरित्रातील न टाळता येणारी बाब आहे. त्याच युद्धात त्यांचे दोन्ही पुत्र मारले गेले. नाझी राजवटीला त्यांचा विरोध होता. दोन मुलींचे पती ज्यू असल्याने त्यांना देश सोडावा लागला. १९३३ मध्ये निवृत्त होऊन ते त्सिबेले येथील आपल्या जमिनीवर राहू लागले. तेथे ते कार्प मासे पाळत. तेथेच त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे अवशेष गॉटिंगनच्या दफनभूमीत नेण्यात आले.