बिछान्यातून मैदानाकडे : डॉ. लुडविग गुटमन

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकीय पोथीत मानेचा मणका निखळलेल्या रुग्णाचे वर्णन आढळते. त्याला आपल्या हातापायांची जाणीव उरलेली नाही आणि मूत्रावर ताबा नाही, अशी सारी लक्षणे त्या अज्ञात वैद्याने बारकाईने टिपली आहेत. शेवटी त्याने निर्णय दिला आहे की, ही व्याधी उपचार करण्याजोगी नाही. विज्ञानाने पुढे केवढी झेप घेतली! परंतु हा निर्णय मात्र विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा टिकून होता. तो बदलून टाकण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा आहे, त्या डॉ. लुडविग गुटमन यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील अप्पर सायलेशिया प्रांतात, टोस्ट या लहानशा गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९१७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते खाणकामगारांच्या एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होते. तेथे पाठीचा कणा मोडलेला एक धिप्पाड तरुण खाणकामगार दाखल झाला. त्याच्यावर फारसा वेळ घालवू नकोस, तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे डॉक्टरांनी गुटमनना बजावले. झालेही तसेच. पाच आठवड्यांत तो तरुण गेला. त्याचा जीव मोडलेल्या मणक्याने घेतला नव्हता; एकाच कुशीवर पडून राहिल्याने झालेल्या जखमा आणि मूत्रमार्गातून पसरलेला जंतुदोष यांनी तो घेतला होता. ही दोन्ही कारणे टाळता येण्यासारखी होती. पण मरणारच आहे म्हणून कोणी टाळली नाहीत.

गुटमन पुढे वैद्यक शिकले. १९२४ साली डॉक्टर झाले आणि ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर या नामवंत मज्जाशल्यविशारदांच्या हाताखाली तयार झाले. परंतु १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांची दारे बंद झाली. गुटमन ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ मध्ये त्याचे प्रमुख झाले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. त्या रात्री दारात येईल त्याला, काही न विचारता, दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमननी सोडला. चौसष्ट माणसे दाखल झाली. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस चौकशीला आले, तेव्हा गुटमन एकेका खाटेपाशी उभे राहून त्या माणसाचा आजार सांगत गेले. चौसष्टांपैकी साठ जण वाचले.

त्यानंतर लवकरच एका रुग्णाला तपासण्यासाठी राजवटीने त्यांना पोर्तुगालला पाठविले. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले आणि तेथे आश्रयाची सोय झाली. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्स आणि दोन मुले यांच्यासह ते इंग्लंडला पोहोचले. कोणी जगावे आणि कोणाचे जगणे निरुपयोगी, हे ठरवू पाहणाऱ्या राजवटीतून ते निसटले होते. त्याच राजवटीने युद्धाच्या काळात हजारो अपंगांनाही ठार मारले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

ऑक्सफर्डला काही वर्षे संशोधनात गेली. मग युरोपच्या भूमीवर उतरण्याची तयारी सुरू झाली, तसे कण्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे ब्रिटिश सरकारने ओळखले. त्यांच्यासाठी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात स्वतंत्र विभाग काढायचे ठरले आणि ते काम गुटमनकडे आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी सव्वीस खाटांचा हा विभाग सुरू झाला.

गुटमननी पहिली लढाई मैदानावर नव्हे, खाटेवर लढली. रुग्णांना प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याची रीत त्यांनी मोडली. दर दोन तासांनी, रात्र असो वा दिवस, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा दंडक घातला. तो पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी ते स्वतः मध्यरात्री वॉर्डात फेरी मारीत. मूत्राशय रिकामे करताना जंतूंचा शिरकाव होऊ नये, म्हणून ते कमालीची दक्षता घेत. स्वभावाने ते करडे, हेकट, मी म्हणेन ती पूर्व दिशा अशा वृत्तीचे. परिचारिका त्यांना भीत, रुग्ण त्यांच्यावर चिडत. आणि तेच रुग्ण त्यांना ‘पोप्पा’ म्हणत!

जीव वाचला, पुढे काय? नुसते जिवंत राहून खिडकीबाहेर पाहत बसायचे काय? गुटमनच्या विचाराचा गाभा येथे आहे. वाचलेल्या माणसाने पुन्हा कर भरणारा नागरिक झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून सकाळी व्यायाम, मग सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन. आणि या साऱ्यांबरोबर खेळ. चाकाच्या खुर्चीत बसून, काठ्यांनी लाकडी चकती टोलवीत ते पोलोसारखा खेळ खेळत. तो फारच धसमुसळा ठरला, तेव्हा त्याची जागा बास्केटबॉलने घेतली. धनुर्विद्या तर त्यांची विशेष आवडती. तिने खांदे, दंड आणि पाठ बळकट होते, तोल सावरता येतो. शिवाय खुर्चीतला तिरंदाज धडधाकट तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. खेळ हा करमणुकीचा तास नसून उपचाराचाच भाग आहे, ही दृष्टी त्यांनी वैद्यकाला दिली.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्‌घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांनी, चौदा पुरुष आणि दोन स्त्रियांनी, धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोमला ऑलिंपिकपाठोपाठ तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू उतरले. तीच पुढे पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा मानली गेली. गंमत अशी, की राहण्याच्या इमारतींना जिने होते आणि खेळाडूंना उचलून वर न्यायला सैनिक लावावे लागले! मैदान जिंकणाऱ्या माणसाला जिना हरवतो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

परंतु गुटमनच्या विचाराची खरी कसोटी वेगळीच होती. कमरेखालचे अंग गेलेल्या माणसाचे बाहू शाबूत असतात. तो खुर्ची रेटतो, चेंडू फेकतो. मानेतील मज्जारज्जूला इजा झाली, तर चारही अवयव जातात. यालाच क्वाड्रिप्लेजिया म्हणतात. इजा मानेत जितकी वर, तितका श्वाससुद्धा जड होतो. बरगड्यांचे स्नायू काम करीत नाहीत, सारा भार श्वासपटलावर पडतो. घाम येत नाही, त्यामुळे उन्हात शरीर तापते. परिश्रम केले तरी हृदयाचे ठोके पुरेसे वाढत नाहीत. नुसते मूत्राशय तुंबले, तरी रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढू शकतो. या धोक्याचा पद्धतशीर अभ्यास गुटमन यांनीच व्हिटरिज या सहकाऱ्याबरोबर करून १९४७ साली प्रसिद्ध केला.

अशा माणसाने कसला व्यायाम करावा? आखडू नयेत म्हणून दुसऱ्याने त्याचे सांधे रोज हलवावेत, श्वासाचा व्यायाम करावा, हळूहळू उठून बसण्याची सवय लावावी. बोटे मेलेली, पण मनगट वर उचलता येत असेल, तर मनगट उचलताच बोटे आपोआप मिटतात. याच युक्तीवर पेला धरायला शिकवतात. बॅट धरता येत नाही? ती पट्टीने हाताला बांधावी आणि टेबलटेनिस खेळावे! स्टोक मँडेव्हिलला असे खेळ होत. पॅरालिम्पिकमध्ये मात्र क्वाड्रिप्लेजिया झालेल्यांसाठी खास स्पर्धा प्रथम आल्या, त्या १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे. ज्यांना खेळाची गरज सर्वांत अधिक, त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली. गुटमनच्या चळवळीचे मोठेपण सांगताना ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच हायडेलबर्गच्या तरणतलावात आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला हा जवान उपचार म्हणून पाण्यात उतरला होता. खेळ हाच उपचार, या विचाराचे फळ असे महाराष्ट्राच्या पदरातही पडले. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. कमरेखाली लुळे झालेले आणि चारही अवयव गमावलेले, असे दोन्ही प्रकारचे जवान तेथे राहतात.

१९७७ साली कॅनडातील विनिपेग येथे क्वाड्रिप्लेजिया झालेल्या खेळाडूंनी स्वतःच एक खेळ निर्माण केला. तो म्हणजे खुर्चीवरचा रग्बी. प्रत्येकाच्या उरलेल्या शक्तीप्रमाणे त्याला अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत गुण देतात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज आठाच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे नुसत्या बलवानांचा संघ उभाच राहत नाही! सन २००० मध्ये सिडनीला या खेळाला पदकाचा मान मिळाला.

तो दिवस पाहायला गुटमन नव्हते. १९६६ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९७६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मित्रहो, थोरांची चरित्रे वाचून नमस्कार करणे सोपे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने शिक्षणसंस्थांवर दोन गोष्टी सोपविल्या आहेत : इमारत सर्वांना वापरता यावी आणि खेळाची संधी सर्वांना सारखी मिळावी. आपल्याकडील किती महाविद्यालयांच्या जिमखान्यात खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला शिरता येते? किती क्रीडामहोत्सवांत त्याचे नाव प्रेक्षकांऐवजी स्पर्धकांच्या यादीत असते? तसा विद्यार्थी आमच्याकडे नाहीच, असे उत्तर सहज तोंडावर येईल. पण जिना पाहून तो दारातूनच परत गेला नसेल कशावरून? गुटमननी आलेल्या माणसाला आधी आत घेतले आणि सोय मग केली. आपण निदान सोय तरी आधी करून ठेवू या.