विश्लेषण : बीटलचा ‘तीन नंबर’चा स्पार्क प्लग हाताला का लागत नाही? उत्तर दडले आहे फर्डिनांड पोर्शे यांच्या आयुष्यात

जुन्या फोक्सवॅगन बीटलचे मागचे झाकण उघडले की समोर पंखा, कार्बोरेटर आणि काळा पत्रा दिसतो. स्पार्क प्लग मात्र दिसत नाहीत. चारही प्लग दोन्ही बाजूंना, पत्र्याच्या आड असतात. त्यातला डावीकडचा पुढचा, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग सर्वात त्रासदायक. तो डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधावा लागतो. ही रचना अशी का झाली, हे समजून घ्यायचे तर गाडीचे जनक फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे वळावे लागते.

पत्रेकाम करणाऱ्याचा मुलगा

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी माफर्सडॉर्फ येथे झाला. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत असलेले हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्रेकाम करत. मुलाने तेच दुकान सांभाळावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाला ओढ होती विजेची. पोर्शे यांनी इंजिनीअरिंगची पदवी कधीच घेतली नाही. त्यांच्या नावामागची डॉक्टरेट मानद होती. १८९३ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी बनवलेली लोनर कंपनीची इलेक्ट्रिक कार झळकली. तिच्या मोटारी थेट चाकांत बसवलेल्या होत्या. पुढे ऑस्ट्रो-डाइम्लर, मग स्टुटगार्टमधील डाइम्लर आणि १९३१ मध्ये स्वतःचे डिझाइन कार्यालय, असा त्यांचा प्रवास झाला.

इंजिन मागे आणि आडवे का?

सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी हे पोर्शे यांचे जुने स्वप्न होते. १९३४ मध्ये ते काम त्यांना मिळाले, पण नाझी सरकारकडून. अट होती : चार-पाच माणसे बसावीत, ताशी १०० किलोमीटर वेग असावा आणि किंमत १,००० मार्कच्या आत. बहुतेकांकडे गॅरेज नव्हते. थंडीत उघड्यावर उभ्या गाडीच्या रेडिएटरमधले पाणी गोठले असते. म्हणून इंजिन हवेने थंड होणारे ठरले.

त्यांच्या कार्यालयातील फ्रांझ राइमश्पिस यांनी त्यासाठी आडवे, चार सिलिंडरचे इंजिन आखले. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. पंख्याची हवा वाया न जाता सिलिंडरवरूनच जावी म्हणून भोवती पत्र्याचे आवरण आले. इंजिन मागे असल्याने मेकॅनिक गाडीच्या मागे उभा राहतो. त्यामुळे गाडीच्या पुढच्या दिशेचे एक आणि तीन नंबरचे सिलिंडर त्याच्यापासून लांब जातात. तीन नंबरच्या बाजूलाच ऑइल कूलर असल्याने तिथे गर्दीही जास्त. जुन्या रचनेत कूलरवरून तापलेली हवा याच सिलिंडरवर येत असल्याने तो अधिक गरम होई. म्हणजे ज्या प्लगकडे जास्त लक्ष द्यायचे, तोच गाठायला सर्वात अवघड.

गंमत म्हणजे तारा, केबल आणि पेट्रोलची नळी सोडवून चार बोल्ट काढले की अख्खे इंजिन खाली उतरते. मोठ्या दुरुस्तीची सोय झाली. रोजच्या छोट्या कामाला अडचण राहिली.

मग प्लग काढायचा कसा?

- इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. हेड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. गरम असताना जोर लावल्यास आटे खराब होतात.
- प्लग सोडण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते.
- सॉकेटला एक्स्टेन्शन आणि मधे वळणारा सांधा लावावा.
- नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हातानेच फिरवावा. आटे वाकडे बसू लागले की नळी घसरते आणि चूक वेळीच कळते.
- प्लगच्या टोपीवरचे रबरी सील पुन्हा नीट बसवावे. ते शोभेसाठी नसते. नसल्यास थंड करणारी हवा तिथून निसटते.

स्वप्नाची किंमत कोणी मोजली?

सरकारने ही गाडी ९९० मार्कला देण्याचे जाहीर केले. दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे साठवायला सुरुवात केली. त्यांतल्या कोणालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखान्यात लष्करी वाहने बनू लागली. युद्धकाळात तिथे सुमारे २० हजार लोकांकडून सक्तीने काम करून घेण्यात आले. त्यांत युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदीही होते. पोर्शे १९३७ पासून नाझी पक्षाचे सदस्य होते आणि कारखान्याच्या व्यवस्थापनात वरच्या पदावर होते. फक्त ड्रॉइंग बोर्डापुरता माणूस, अशी त्यांची सुटका करता येत नाही.

युद्धानंतर प्यूजो कारखान्याशी संबंधित आरोपांवरून फ्रान्सने त्यांना अटक केली. सुमारे २० महिन्यांनी, ऑगस्ट १९४७ मध्ये ते जामिनावर सुटले आणि पुढे दोषमुक्त झाले. फोक्सवॅगनमधील सक्तीच्या मजुरीबद्दल मात्र त्यांच्यावर कधीच खटला चालला नाही.

कारखाना तोवर ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाला होता. १९५० च्या अखेरीस पोर्शे तिथे जाऊन आले, तेव्हा बीटल रस्त्यांवर सर्रास धावत होती. ३० जानेवारी १९५१ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत तयार झाली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या.

आजही जुनी बीटल जपणाऱ्यांना तो तीन नंबरचा प्लग चाचपडतच शोधावा लागतो. पोर्शे यांचे काम पाहतानाही तेच करावे लागते. चकचकीत पत्र्याआड हात घातल्याशिवाय पूर्ण गोष्ट सापडत नाही.