रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ लुडविग कार्ल फिरखो (१३ ऑक्टोबर, १८२१ – ५ सप्टेंबर, १९०२) हे जर्मन वैद्य, विकृतिवैज्ञानिक, मानवशास्त्रज्ञ व राजकारणी होते. रोगाचे मूळ शरीरातील पेशींमध्ये शोधले पाहिजे, हा विचार त्यांनी वैद्यकात रुजविला. आधुनिक विकृतिविज्ञानाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

फिरखो यांचा जन्म प्रशियाच्या पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन (सध्या पोलंडमध्ये) येथे झाला. बर्लिन येथे वैद्यकाची पदवी (१८४३) घेतल्यावर ते शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम पाहू लागले. १८४८ मध्ये अप्पर सायलीशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून त्यांनी दारिद्र्य व शिक्षणाचा अभाव यांवर बोट ठेवले. पुढे ते वुर्ट्सबुर्ग (१८४९) व बर्लिन (१८५६) येथे प्राध्यापक झाले.

संशोधन

फुप्फुसाच्या धमनीत आढळणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या बहुधा तेथे निर्माण होत नाहीत; त्या दूरच्या शिरांतून वाहत येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

त्या काळी यकृतात क्वचित आढळणारी, असंख्य बारीक पोकळ्यांची आणि जेलीसारख्या द्रव्याने भरलेली गाठ कर्करोगाचा एक प्रकार मानली जाई. १८५५ च्या सुमारास फिरखो यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ती एकायनोकॉकस या पट्टकृमीच्या डिंभांमुळे होते, हे सिद्ध केले. हा रोग यकृतातून फुप्फुसातही पसरू शकतो. नुसत्या डोळ्यांना कर्करोग भासणारी गाठ परजीवीची असू शकते, म्हणून निदानासाठी ऊतकाची तपासणी आवश्यक ठरते.

पेशीय विकृतिविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १८५८ मध्ये, तर अर्बुदांवरील तीन खंड १८६३ ते १८६७ या काळात प्रसिद्ध झाले. कर्करोग संयोजी ऊतकातून उद्भवतो, हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही.

युवराज फ्रेडरिक यांचे निदान

१८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रातील गाठीचे तुकडे फिरखो यांच्याकडे तपासणीस आले. त्यांत त्यांना कर्करोग आढळला नाही. मात्र एवढ्याशा तुकड्यांवरून संपूर्ण विकाराविषयी निश्चित सांगता येणार नाही, असेही त्यांनी नमूद केले. शस्त्रक्रियेचा बेत मागे पडला. मार्च १८८८ मध्ये सम्राट झालेले फ्रेडरिक अवघ्या ९९ दिवसांनी, १५ जून रोजी, स्वरयंत्राच्या कर्करोगाने निधन पावले. तपासणीस आलेल्या तुकड्यात जे नाही, ते सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. ही मर्यादा या घटनेने वैद्यकासमोर ठळकपणे आणली.

अखेर

प्रशियाच्या विधिमंडळात व पुढे जर्मन संसदेत ते उदारमतवादी सदस्य होते. बर्लिनच्या सांडपाण्याच्या योजनेलाही त्यांनी चालना दिली. जानेवारी १९०२ मध्ये ट्रॅममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्या दुखण्यातून ते सावरले नाहीत व बर्लिन येथे मृत्यू पावले. डाव्या गळपट्टीच्या हाडावरील, पोटातील कर्करोगाची सूचना देणारी लसीका ग्रंथी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.