जेम्स बर्कले आणि आमची आगगाडी

सोलापुरास आगगाडी आली ती १८६० च्या जून महिन्यांत. परंतु त्या वेळीं येथें गाडींत भरलेला माल थेट मुंबईस पोंचत नसे. खंडाळ्यास तो उतरवावा लागे, बैलगाड्यांतून घाट उतरून पुन्हा खालच्या गाडींत चढवावा लागे, आणि या चढउतारांत वेळ, पैसा व माल या तिन्हींची नासाडी होई. ही तूट १८६३ च्या मे महिन्याच्या १४ तारखेस भरून निघाली. त्यानंतर कुंभारीसारख्या आसपासच्या खेड्यांतून सोलापुरास आलेल्या पोत्यास मुंबई बंदराची वाट अखंड मोकळी झाली. ज्या इंजिनियरानें ही वाट आंखिली त्याचें नांव आमच्या पेठेंतील शंभरांत एका व्यापाऱ्यास तरी ठाऊक असेल कीं काय, याविषयीं आम्हांस शंका आहे.

जेम्स जॉन बर्कले यांचा जन्म १८१९ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या हॉलोवे भागांत झाला. किंग्ज कॉलेजांतील शिक्षणानंतर ते आगगाडीच्या विद्येंतील प्रख्यात इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या परिवारांत तयार झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस मुख्य इंजिनियर पाहिजे होता, तेव्हां स्टीफन्सन यांच्याच शिफारशीनें ती जागा त्यांस मिळाली, आणि १८५० च्या फेब्रुवारींत ते मुंबईस उतरले. वय अवघें ३० वर्षांचें! कंपनी उभी करण्यांत नाना शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकर पुढाऱ्यांचा हात होता खरा. पण भांडवल मुख्यत्वें विलायतेचें, आणि त्यावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिलेली. उत्पन्न कमी पडल्यास ती भर हिंदुस्थानच्या खजिन्यांतून, म्हणजे रयतेच्या सारापट्टींतून, पडावयाची. धंदा त्यांचा व जोखीम आमची, असा हा करार होता, हें आम्ही विसरूं शकत नाहीं.

१८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदर ते ठाणें ही २१ मैलांची लाइन सुरू झाली. पुढल्या वर्षीं ठाण्याची खाडी पुलांनीं ओलांडून गाडी कल्याणास गेली. येथवरचें काम सपाटीचें. खरी परीक्षा सह्याद्रीची होती. आरंभीं कंपनीच्या मंडळींचा कल माळशेज घाटाकडे होता. बर्कलेसाहेबांनीं डोंगर पायाखालीं घातले, वर्षानुवर्षें मोजणी केली, आणि तो बेत सोडून पुण्याकडे भोर घाट व नाशिककडे थळ घाट असे दोन मार्ग निश्चित केले. सोलापूरचें दैव त्याच वेळीं ठरलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

भोर घाटांत सुमारें १५।।। मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. इंजिनास सोसवेल असा चढ ठेवणें हेंच तेथलें मर्म. कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र चढ पत्करावा लागला. २५ बोगदे खोदावे लागले, दऱ्यांवर ८ मोठे कमानी पूल घालावे लागले. एके ठिकाणीं तर वळण घेण्यास डोंगराच्या धारेवर जागाच उरली नाहीं. तेव्हां तेथें गाडी थांबवावी, इंजिन काढून दुसऱ्या टोंकास जोडावें व उलट दिशेनें पुढें चढावें, अशी युक्ति योजिली. ही उलटफेर १९२९ पर्यंत चालू होती.

नकाशा बर्कलेसाहेबांचा, पण पहार कोणाची? एका वेळीं ४०,००० हून अधिक मजूर त्या घाटावर राबत होते. कड्यावरून दोरानें लोंबकळत सुरुंगाचीं भोकें पाडणारे लोक आमच्याच प्रांतांतले व आसपासचे. पटकीनें त्यांचे फड उठून जात. मजुरी थकल्यामुळें १८५९ च्या आरंभीं दंगाही झाला. त्यांपैकीं एकाचेंही नांव कोणत्या शिळेवर कोरलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. पहिल्या कंत्राटदारानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे येथें पाऊल टाकल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावले, तेव्हां त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनीं दोन इंजिनियर हाताशीं धरून तें कंत्राट पुरें केलें. विधवेनें उंबऱ्याबाहेर पडूं नये, असें बजावणाऱ्या आमच्या शास्त्रीमंडळीस त्या घाटांतून पुण्यास जातांना ही गोष्ट आठवावी! जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनींही याच लाइनीचीं कंत्राटें घेऊन पार पाडिलीं. एतद्देशीयांस हें काम झेपत नाहीं, असें मग कोणीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

बर्कलेसाहेबांस मात्र आपला घाट पुरा झालेला पाहावयास मिळाला नाहीं. प्रकृति ढासळल्यामुळें १८६१ त ते विलायतेस परतले, व १८६२ च्या ऑगस्टच्या २५ तारखेस, वयाच्या ४२ व्या वर्षीं वारले. पुढें १८६७ च्या जुलैंत घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला, आणि चौकशींत या रेल्वेच्या इतरही कित्येक पुलांचें बांधकाम कच्चें ठरलें. मेलेल्या माणसावर सारा दोष लोटणें सोपें असतें. आमच्या मतें आंखणी व बांधणी यांतील भेद येथें केला पाहिजे. दर्जें सांधणारा कोण, चुना कालविणारा कोण आणि त्यावर देखरेख करणारा कोण, हे प्रश्न निराळे. तथापि मुख्य इंजिनियराची जबाबदारी अगदींच सुटते असेंही आम्ही म्हणणार नाहीं. कायद्यांत ज्याच्या हुकमानें काम चालतें तोही उत्तरदायी असतो. दुसऱ्या पारड्यांत टाकण्यास डिकसळजवळचा भीमेवरील पूल आहे. तो त्याच अमदानींतला. रूळ नव्या पुलावर गेल्यानंतरही कित्येक वर्षें त्यावरून गाड्यामोटारींची रहदारी चालली.

बर्कलेसाहेब मुंबईंत असतांनाच, १८५४ त, पुण्यास सरकारी बांधकाम खात्याकरितां हाताखालचे लोक तयार करण्यासाठीं एक इंजिनियरिंगचा वर्ग निघाला होता. हाताखालचे, एवढीच त्या वेळची अपेक्षा. त्याच वर्गाचें पुढें कॉलेज झालें. मुंबई विश्वविद्यालयांत बर्कलेसाहेबांच्या नांवें इंजिनियरिंगच्या परीक्षेसाठीं बक्षीस ठेविलें गेलें, आणि १८८३ त तें पुण्याच्या त्या कॉलेजांतल्या एका म्हैसूरकर विद्यार्थ्यानें पटकाविलें. त्याचें नांव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दुसऱ्याच वर्षीं तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत इंजिनियर म्हणून रुजू झाला, आणि पुढें खडकवासल्याच्या धरणावर त्यानें स्वतःच्या कल्पनेचे आपोआप उघडणारे दरवाजे बसविले.