हजरत रुफैदा (रजि.) : मस्जिदीतील शुश्रूषेचा तंबू

हिजरी सन ५ मधील खंदकाच्या युद्धात हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची शीर बाणाने तुटली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मस्जिदे नबवीतील एका तंबूत ठेवविले. तो तंबू अस्लम कबिल्यातील हजरत रुफैदा (रजि.) यांचा होता. त्या जखमींची शुश्रूषा केवळ पुण्यासाठी करीत. ही विद्या त्यांनी इतर स्त्रियांनाही शिकविली, असे चरित्रकार सांगतात.

जखमी दारात आल्यावर शुश्रूषा शिकायला वेळ नसतो. तरीही दीर्घ युद्धाने पोळलेल्या अफगाणिस्तानात डिसेंबर २०२४ मध्ये मुलींचे परिचर्या व सुईणीचे शिक्षण थांबविण्यात आले. विचार करा, जे कार्य प्रेषितांच्या मस्जिदीत मान्य होते, ते आपल्या लेकींना शिकविण्यास आपण का कचरावे?