दारोदार दंतमंजन विकणारा उद्योजक

मानकोली (भिवंडी) : मानकोलीहून खाडी ओलांडली की डोंबिवली. येथील औद्योगिक वसाहतीतला 'विको नाका' आणि के. व्ही. पेंढरकर महाविद्यालय ही नावे या परिसरात सर्वांच्या तोंडी आहेत. ती ज्यांच्यामुळे रूढ झाली, ते केशव विष्णू पेंढरकर मात्र विस्मरणात गेले आहेत.

पेंढरकर मूळचे नागपूरचे. तेथे त्यांचे किराणा मालाचे दुकान होते. संसाराचा भार वाढत असताना ते दुकान सोडून मुंबईत आले आणि त्यांनी लहानसहान व्यवसाय करून पाहिले. साबण, पावडर, टूथपेस्ट यांसारख्या परदेशी धाटणीच्या वस्तूंनी बाजारपेठ व्यापल्याचे त्यांनी पाहिले. आयुर्वेदाची जाण असलेल्या मेहुण्यांच्या साहाय्याने वनौषधींचे दंतमंजन तयार करण्याचे त्यांनी ठरविले. वडिलांच्या नावावरून 'विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी' अर्थात 'विको' ही संस्था १९५२ मध्ये परळ येथे सुरू झाली. तेव्हा पेंढरकरांनी पन्नाशी ओलांडली होती. राहते घर हाच कारखाना झाला आणि मुलांसह दारोदार हिंडून त्यांनी मंजन विकले.

या मंजनाला ज्या वज्रदंतीचे नाव लाभले, ती आपल्याकडची पिवळी कोरांटी. बाभूळ, खैर, बकुळ, लवंग, हिरडा यांचाही त्यात समावेश होता. बाभूळ, खैर आणि हिरडा हे तुरट असल्याने हिरड्या आवळून धरतात, अशी परंपरागत धारणा आहे.

आधुनिक दंतवैद्यकाने हिरड्यांच्या विकाराचे मूळ अधिक स्पष्ट केले आहे. दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर तो कठीण होऊन त्याचे कीटण बनते. हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. या टप्प्यावर विकार पूर्ण बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झाल्यास दाताभोवतीचे हाड झिजते आणि निरोगी दिसणारा दातही हलू लागतो. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. मधुमेह आणि तंबाखूमुळे धोका वाढतो. दात स्वच्छ होतात या समजुतीने लावली जाणारी मशेरीही तंबाखूच आहे. तंबाखूमुळे हिरड्यांतून येणारे रक्त कमी दिसते आणि रोग लपून राहतो.

कीटण कोणत्याही मंजनाने वा पेस्टने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. विकार खोलवर गेला असल्यास मुळांची सफाई आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतरही दिवसातून दोनदा दात घासणे आणि फटी स्वच्छ ठेवणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते.

पेंढरकरांनी दारोदार जाऊन जे पटवून दिले, ते नेमके हेच रोजचे व्रत होते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेले त्यांचे पुत्र गजानन १९५७ मध्ये व्यवसायात आले आणि उद्योगाचा विस्तार झाला. १९७१ मध्ये केशवरावांचे निधन झाले. हळदीच्या मलमाचे यश आणि ही उत्पादने औषधे की सौंदर्यप्रसाधने, यावरून सरकारशी चाललेला दीर्घ न्यायालयीन लढा त्यांनी पाहिला नाही. साठीकडे झुकताना सुरू केलेला घरगुती उद्योग देशभर पोहोचला आणि त्यांचे नाव डोंबिवलीतल्या महाविद्यालयाच्या रूपाने विद्यार्थ्यांच्या ओठी राहिले.